वाट धरणारा

"वाट मी धरतंय गो. तू जिवाक घोर लावन घेव नको," दादा म्हणाला. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा चुलीवर चहाचं आधण चढवलं.

सकाळपासून आमच्या घरात कुणाच्या घशाखाली काही उतरलं नव्हतं. सासू उंबऱ्यात दर्याकडे तोंड करून बसली होती. तिने मागे न बघताच विचारलं, "काय म्हणालो तुझो भाव?"

"होय म्हणालो. खाडीच्या तोंडार होडी घेवन ऱ्हवतलो."

"नक्की?"

"आये, दादा एकदा म्हणालो म्हणजे म्हणालो."

"मगे माका पण घोटभर चाय दी," असं म्हणून तिने पाय पसरले. तिचे दोन्ही मुलगे दर्यात होते. थोरला विश्राम, म्हणजे माझा नवरा, आणि धाकटा लवू. नवऱ्याचं नाव घ्यायला मला कधी लाज वाटली नाही. सासूला वाटायची, माझ्या वाटची.

ते दोघे गेले तेव्हा वादळ आमच्याकडे यायचं नव्हतं. लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचा पट्टा झाला आहे, तो वाढेल आणि ओमानकडे सरकेल, असं रेडिओवर सांगत होते. आमच्या घरात रेडिओ लवूचा. तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं आणि त्याची त्याला फिकीरही नव्हती. कुठल्याही मुलीच्या बापाला पहिल्या भेटीतच हसवून हसवून बेजार करायचा आणि बाप घरी जाऊन म्हणायचा, मुलगा जरा उथळ वाटतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात जाळं शिवता शिवता त्याने मला वादळ कसं होतं ते समजावलं होतं.

"ह्या दिवसांत पाऊस गेललो असता, गो वैनी. आभाळ मोकळा, ऊन कडक. दर्याचा पाणी तापता. तापलल्या पाण्यावरची हवा वर चढता. मगे ती जागा रिकामी ऱ्हवात काय? चारी बाजूचो वारो थय धावता. धावता धावता गरागरा फिरूक लागता, आणि खालची वाफ खावन खावन मोठो होता. आमच्या आयेचो राग बघ. पयली वाफ, मगे वारो, मगे भांडी."

सासूने हातातला नारळाचा काथ्या त्याच्या डोक्यावर फेकून मारला. तो हसत होता.

वादळाआधी बांगडा वर येतो, अशी आमच्याकडच्या लोकांची खात्री. खोल पाण्यात काहीतरी बिनसतं आणि मासळीचे थवे किनाऱ्याच्या बाजूला सरकतात. दिवाळी तोंडावर आली होती. निम्मे खलाशी गावाला गेले होते, तरी उरलेल्या नेपाळी पोरांना घेऊन विश्रामने बोट काढली. आमच्या मुरमाळ गावच्या आणखी चार बोटी गेल्या. कुणी वेडेपणा केला असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

ओमानला जाणारं वादळ मध्येच थबकलं. एक पूर्ण दिवस ते एका जागी फिरत राहिलं, आणि मग किनारा धरून वर यायला लागलं. देवगडच्या बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला. आमच्या पुळणीवर सकाळीच लाटांचा आवाज बदलला होता. रोजच्या लाटा एकामागोमाग एक येतात. त्या दिवशी त्या खूप वेळाने येत होत्या, आणि आल्या की माडांच्या बुंध्यापर्यंत येत होत्या. वारा अजून तेवढा नव्हता. दूर कुठेतरी वादळ असलं की आधी त्याचं पाणी येतं, वारा मागून येतो. हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी वेळखोलची मुलगी.

वेळखोल म्हणजे माझं माहेर, आमच्या उत्तरेला, खाडीच्या आत वसलेलं. मुरमाळला खाडी नाही, बंदर नाही. उघडी पुळण. हवा बिघडली की आमच्या बोटींना दोनच आसरे, वेळखोलची खाडी नाहीतर तिच्याही पुढे देवगडचं बंदर. देवगड सुरक्षित, पण लांब. वेळखोल जवळ, पण खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात नदी वाळू आणून ओतते आणि आत यायची वाट दरवर्षी बदलते. या वर्षी ती कुठे आहे ते फक्त वेळखोलच्या लोकांना ठाऊक, कारण त्यांची जाळी रोज तिथे पडतात.

म्हणून माझ्या माहेरी, वेळखोलला, वाट धरायची पद्धत होती. हवा बिघडली की गावातला एक जाणता माणूस छोटी होडी घेऊन दांड्याच्या आतल्या अंगाला नांगर टाकून बसायचा. हातात लांब बांबू, बांबूला पांढरा फडका. फडका वर असला की या, सरळ माझ्यावर या. फडका खाली घेतला की थांबा, मोठी लाट येते आहे किंवा कुणी वाटेत आहे, पुन्हा वर करीपर्यंत थांबा. आणि फडका आडवा हलवला की येऊ नका, वाट बंद आहे, दुसरीकडे जा. एवढ्या तीन खुणा. माझे आबा सगळा जन्म वाट धरत होते. ज्याच्याशी जमिनीवरून त्यांची कोर्टात केस चालू होती, त्या माणसाची बोटसुद्धा त्यांनी आत घेतली होती. तो आत येऊन चहा पिऊन गेला आणि पुढच्या तारखेला दोघे पुन्हा भांडले. आबा गेल्यावर बांबू दादाच्या हातात आला. जयवंत तोरसकर. माझ्याहून मोठा, आणि आई-आबांच्या मागे माझं म्हणून जे काही होतं ते सगळं तोच होता.

त्या वर्षी मात्र दोन गावांचं बिनसलं होतं. मुरमाळच्या काही बोटींनी नवी पर्ससीनची मोठी जाळी घेतली होती. त्यातली एक आमची. एकदा जाळं टाकलं की अख्खा थवा वेढून उचलतं. वेळखोलच्या लोकांची लहान जाळी रिकामी यायला लागली. ते चिडले, आणि त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. समुद्रात शिवीगाळ झाली, कुणाचं तरी डोकं फुटलं. मग वेळखोलच्या लोकांनी देवळात बसून ठरवलं की पर्ससीनची बोट आपल्या खाडीत येता कामा नये.

पण वादळाचा दिवस वेगळा. असं मला वाटत होतं. म्हणूनच दादाला फोन करून मी स्पष्ट विचारलं होतं, "गावान ठरवलला आसा, ता माका ठावक आसा. पण आज? आज तू वाट धरशीत काय? नसात जमत तर आत्ताच सांग, मी तेंका देवगडाक जावक सांगतंय."

आणि तो म्हणाला होता, "वाट मी धरतंय गो."

चहा घेऊन मी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत गेले. तिथे वायरलेसचा सेट होता. खोली बायकांनी भरली होती, प्रत्येकीचा कुणी ना कुणी बाहेर होता. बऱ्याच वेळाने खरखरीतून विश्रामचा आवाज आला.

"देवगडाक जातंव," तो म्हणाला. "पाणी लय वाढला."

"देवगडापर्यंत वारो तुमका गाठतलो," मी म्हटलं. "वेळखोलाक येवा. दादा वाट धरून आसा."

खरखरीतून विश्राम पुन्हा बोलला.

"तेंच्या गावान आमका बंदी केल्यानी आसा."

"मी विचारलंय तेका. तेना होय म्हटल्यान."

"होय म्हटल्यान?"

"होय."

मग मागून लवू ओरडला, "वैनी! आयेक सांग, चकले मी येयसर संपवू नको!" खोलीतल्या बायका त्या अवस्थेतही हसल्या. सेटवरच्या माणसाने बटण सोडलं आणि पुढच्या बोटीला हाक मारली.

दुपारी वारा आला. आधी दक्षिणेकडून काळी भिंत चढत आली, मग ऊन गेलं, मग पाऊस आडवा पडायला लागला. माड वाकून पुन्हा सरळ व्हायचे, आणि काही सरळ व्हायचेच नाहीत. पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्या पाण्याने उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या. आम्ही बायकांनी दोर धरून त्यातल्या काही गावात ओढल्या. सुकी मासळी ठेवायची खोप कोसळली, तिची पत्र्याची पानं रस्त्यावरून उडत गेली. पाणी आमच्या तुळशीपर्यंत आलं. सोसायटीच्या छपरावरचा वायरलेसचा खांब मोडला आणि सेट मुका झाला. बाकीच्या चार बोटी सरळ देवगडला गेल्याचं नंतर कळलं.

मला भीती वाटत नव्हती. हे आज सांगताना मला माझाच राग येतो, पण नव्हती वाटत. शेजारची पार्वती ऊर बडवत होती, तिला मी सांगत होते की माझ्या भावाने वाट धरली असेल, आमची बोट तर आत लागलीसुद्धा असेल.

दिवेलागणीला वारा पडला आणि विश्रामला घरी आणलं. वेळखोल आणि मुरमाळच्या मधल्या कातळावर तो आणि खलाशी पोरं सापडली होती, जाळ्याच्या बोयांना धरून. बोट दांड्यावर फुटली होती. विश्रामच्या अंगावरची कातडी कातळाने सोलून काढली होती. सासूने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग दाराकडे बघितलं, आणि पुन्हा त्याच्याकडे.

"लवू खय?"

विश्रामने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवू वेळखोलच्या पुळणीवर लागला. त्याला दादाच घेऊन आला, होडीत घालून, स्वतःच्या धोतराने झाकून. होडीतून उतरला तोच माझ्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. मोठा दांडगा माणूस, मी त्याला आबा गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं.

"मशीन चालूच जावक नाय, वैजू," तो म्हणाला. "दोरी ओढून ओढून हात फाटलो. होडी भायर काढूकच गावली नाय माका."

त्याने हात दाखवला. तळवा खरंच सोलला होता. मी पदराने त्याचं तोंड पुसलं. "तुझो काय दोष?" मी म्हटलं. "तू काय मुद्दाम केलंस?"

पुढचे सगळे दिवस तो रोज येत राहिला. आमचं उडालेलं छप्पर त्याने शाकारलं. विहिरीत खारं पाणी शिरलं होतं, ते उपसलं. तांदूळ आणला, सुकी लाकडं आणली. नेपाळी पोरं बिचारी घाबरून आपल्या गावी निघाली, त्यांना बसस्टँडपर्यंत सोडून आला. मुरमाळची माणसं आधी त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत होती, वेळखोलचा म्हणून. मी घरोघर सांगत सुटले की माझ्या भावाने काय धडपड केली, मशीनने कसा दगा दिला, त्याचा हात बघा. हळूहळू लोक त्याला रामराम करायला लागले. मला त्याचं बरं वाटायचं. घरातलं माणूस गेलं होतं, आणि तरी माझं माहेर असं ठाम उभं आहे याचं मला बरं वाटायचं.

विश्राम मात्र त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हता. दादा आला की भिंतीकडे वळायचा. एकदा दादाने आणलेली पेज मी त्याला भरवायला गेले, तर त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. मी चिडले.

"इतको कसलो राग?" मी म्हटलं. "तुमचो भाव गेल्यार दादा तुमच्यापेक्षा जास्त रडता. माणसान थोडी तरी जाण ठेवची."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पेज घेऊन चुलीपाशी आले आणि भांडं जोरात आपटलं. नवरा कृतघ्न आहे, असं त्या क्षणी मला अगदी मनापासून वाटलं.

बाराव्याला गाव जेवायला आलं. अंगणात पानं मांडली होती. लवूला आवडायचं ते सगळं सासूने स्वतः रांधलं होतं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, खीर. विश्राम पहिल्यांदाच उठून ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. दादा एका कडेला उभा राहून पाणी देत होता. सासू त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"बस तू," ती म्हणाली. "पयला पान तुझा. माझ्या लवूसाठी तू दर्यात होडी घालूक गेललंस. मशीनान दगो दिल्यान तेका तू काय करतलंस? बस बाबा. माझ्या दोन झिलांतलो एक गेलो, तेची जागा आता तुझी."

दादा मागे सरला. "नको, मावशे. माका भूक नाय."

"बस म्हणतंय ना!"

मी त्याचा दंड धरून त्याला पानावर बसवलं. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता. मी वडे घेऊन वाकले तेवढ्यात ओटीवरून विश्राम बोलला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज गावात कुणी ऐकला नव्हता.

"आये, तो थय होतो."

"कोण?"

"ह्यो. जयवंत. होडी दांड्यार होती. फडको तेच्या हातात होतो. वेळखोलच्यो दोन होडयो तेना आमच्यादेखत आत घेतल्यान. मगे आमका बघल्यान, आणि फडको खाली केल्यान, आणि होडी वळवन गेलो."

मी दादाकडे बघितलं. तो 'नाही' म्हणेल म्हणून मी थांबले. अजून आठवतं, वड्यांची परात माझ्या कमरेवर होती आणि मी अगदी सहज थांबले होते, जसं कुणी वेडंवाकडं बोललं की दुसरा हसून उडवून लावेल म्हणून आपण थांबतो.

तो पानाकडे बघत होता.

"दादा," मी म्हटलं. "मशीन चालू जावक नाय ना?"

"वैजू, सगळो गाव पुळणीर हुबो होतो. हातात धोंडे घेवन. माका म्हणाले, त्या बोटीक आत घेतलंस तर तुझी होडी उद्या हय दिसाची नाय. तुझी पोरा हय दिसाची नाय."

"कधी म्हणाले?"

त्याने पाण्याचं भांडं जवळ ओढलं.

"कधी म्हणाले, दादा? दुपारी?"

"सकाळीच," तो म्हणाला. "तुझो फोन इलो तेवा ते माझ्या ओटयेरच बसलले."

मी परात खाली ठेवली. "मगे होय कित्याक म्हटलंस माका?"

"तू रडकुंडीक येवन बोलत होतंस. नाय म्हणूक माझी जीभ वळाक नाय. माका वाटला..." तो थांबला. "माका वाटला, ते असे पण देवगडाकच जातले. सगळे देवगडाकच जातत. मगे मी होय म्हटलंय काय आणि नाय म्हटलंय काय, काय फरक पडता?"

लोक मला नंतर म्हणाले, वैजू, तू स्वतःला दोष देऊ नकोस. मी कधी दिलाच नाही. मी त्याला विचारलं होतं. नसेल जमत तर आत्ताच सांग, असं त्याला शब्दांत विचारलं होतं. गावाला घाबरला, ते मी समजू शकते. त्याला पोरं होती, तिथेच राहायचं होतं. तो मला 'नाही' म्हणाला असता तर मी दोन दिवस त्याच्या नावाने बोटं मोडली असती आणि विसरले असते. त्याने मला वाईट वाटू नये म्हणून 'होय' म्हटलं. एवढ्याशा गोडीसाठी. आणि मग नांगराच्या दोराने सोलला असेल तो हात घेऊन माझ्या अंगणात येत राहिला, आणि मी त्याचं तोंड पुसत राहिले.

गावातली दोन-तीन माणसं उठली. कुणीतरी दादाच्या सदऱ्याला हात घातला. सासू मध्ये आली.

"बसा सगळे खाली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. लवू म्हणायचा ती वाफ नाही, वारा नाही, काहीच नाही. "बाराव्याच्या पानावरसून कोणाक उठवचा नाय. तेचा तो जेवांदे. सुने, वाढ तेका."

मी वाढलं. वडे, सांबारं, भात, खीर. दादा पान सोडून उठायला बघत होता, सासू त्याच्या समोर बसली आणि उठू देईना. अंगणातलं कुणी जेवत नव्हतं, सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. तो एकेक घास तोंडात घालून पाण्याबरोबर गिळत होता. भात संपला तेव्हा मी पुन्हा भात घेऊन गेले. भाऊ जेवायला बसला की बहीण दुसऱ्यांदा वाढतेच. त्याने हात आडवा केला, तरी मी वाढला.

तो जेवला, उठला, हात धुवायला मागच्या दारी आला. मी तांब्याने पाणी ओतलं.

"काय तरी बोल, वैजू," तो म्हणाला. "शिवी घाल. मार."

"भरती लागात आता," मी म्हटलं. "तुझी होडी वर ओढलली नाय. जा."

तो गेला. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. खाडीवर पूल झाला आहे, मुरमाळहून वेळखोलला रिक्षाने जाता येतं. मी गेलेली नाही. तो माझ्या मुलीच्या लग्नाला मांडवाच्या दाराशी येऊन उभा राहिला होता म्हणतात, मी बघितलं नाही.

त्या दुपारी लोक गेल्यावर मी ओटीवर विश्रामजवळ जाऊन बसले. दादाचा राग होताच, पण याचाही होता. याला सगळं ठाऊक होतं, आणि याने मला रोज त्या माणसाची आरती ओवाळू दिली, घरोघर हिंडू दिलं.

"तुम्ही माका कित्याक नाय सांगितलास?"

"तू रोज तेच्या तोंडार पदर फिरवी होतंस," तो म्हणाला. "तुका आवस नाय, बापूस नाय. माझो भाव गेलो. म्हटला, तुझो तरी ऱ्हवांदे."

सासू आत भांडी घासत होती, राखेचा खरखर आवाज येत होता. मग जे मला कळत नव्हतं ते मी विचारलं. फडका खाली आला, होडी वळून गेली, हे दिसत होतं. बोट अजून बाहेर होती, मशीन चालू होतं. देवगडची वाट मोकळी होती.

"मगे तुम्ही वळाक कित्याक नाय?"

विश्रामने डोळे मिटले.

"मी वळवत होतंय," तो म्हणाला. "लवून माझो हात धरल्यान. म्हणालो, 'भाई, फडको खाली म्हणजे थांबा. येव नको म्हणाचा असता तर तेना आडवो हलवल्यान असतो. वळव नको. तो परत येतलो. वैनीचो भाव आसा तो.' म्हणान आम्ही थांबलव."